ओझे उतरवलेली जागा

२०२० साली पायी वारी झाली नाही. आषाढ शुद्ध दशमीला माउलींच्या पादुका एसटीच्या बसमधून पंढरपूरला नेण्यात आल्या, आणि २००९ पासून ज्या दिवसांत माझ्या खांद्यावर न चुकता कॅमेऱ्याची पिशवी असे, त्या दिवसांत मी पुण्यातल्या घरी बैठकीच्या खोलीत फरशीवर बसून होतो. समोर बुटांची सहा जुनी खोकी होती. दरवर्षी वारीहून परतल्यावर बरी वाटणारी सगळी छायाचित्रे पोस्टकार्डाच्या आकारात छापून घ्यायची, त्यांतली वीस-पंचवीस निवडायची आणि उरलेली खोक्यात टाकायची, अशी माझी पद्धत होती. निवडलेली छायाचित्रे भिंतीवर लागली, एक-दोन प्रदर्शनांतही गेली. खोक्यांतली मात्र मी पुन्हा कधी पाहिली नव्हती. त्या वर्षी ती सगळी बाहेर काढून मी फरशीवर मांडत गेलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या ध्यानात आले की, अकरा वर्षे माझ्या हातून एक काम चालू होते आणि त्याचा मला पत्ताच नव्हता.

त्या नापास ठरवलेल्या छायाचित्रांपैकी बऱ्याच छायाचित्रांत माणूस नव्हताच, किंवा असला तर कडेला, पाठमोरा, चौकटीने अर्धा कापलेला असा होता. मध्यभागी होती ती खाली ठेवलेली एखादी वस्तू. मैलाच्या दगडावर टेकवलेले पितळी तुळशीवृंदावन आणि त्याच्या शेजारी डोक्याचा गोल आकार अजून न सोडलेली, जुन्या लुगड्याच्या पट्टीची चुंबळ. बाभळीखाली आडवा ठेवलेला, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला पखवाज. घडी घातलेल्या उपरण्यावर एकमेकांना टेकवून ठेवलेली टाळांची जोडी. ट्रकच्या चाकाला तिरकी लावलेली पताका. शेताच्या बांधावर वळकट्यांची रांग आणि त्यांतल्या एका वळकटीच्या दोरीत अडकवलेला चष्मा. मी मोजली तेव्हा अशी एकशे चाळीसहून अधिक छायाचित्रे निघाली. ती एखाद्याच वर्षाची नव्हती, प्रत्येक वर्षीच्या गठ्ठ्यात होती. त्यांतली कितीतरी काढल्याचे मला आठवतही नव्हते.

ती बहुतेक सगळी विसाव्याच्या वेळची होती. पालखी विसाव्याला थांबली की वारकरी बसतात, पाणी पितात, कोणी डोळे मिटून पडतो. त्या वेळी मीही थकलेला असे. आता विशेष काही घडणार नाही अशा समजुतीने माझे छायाचित्रकारपण मी बाजूला ठेवलेले असे, आणि नेमक्या त्याच वेळी हात आपल्या मर्जीने कॅमेरा उचलत होता. पुढे घरी येऊन निवड करायला बसलो की पुन्हा तो जाणता छायाचित्रकार पुढे होई आणि ही छायाचित्रे बाद करी, कारण त्यांत ‘वारी’ दिसत नव्हती.

वारी दिसते कशी, हे मला आधीच ठाऊक होते. पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाटात वळणावर उंच जागा पकडायची आणि लांब पल्ल्याच्या भिंगातून खाली नागमोडी सरकणारी पताकांची रांग घ्यायची. हे भिंग मधले अंतर आक्रसून दाखवते, त्यामुळे गर्दी आहे त्याहून दाट दिसते. लोणंदच्या पुढे चांदोबाच्या लिंबाला उभे रिंगण असते, तिथे अश्व समोर येताच सेकंदाच्या पाचशेव्या भागात तो गोठवायचा. सुरकुतलेला चेहरा, कपाळाचा बुक्का, फुगडीत उडालेली नऊवारीची टोके, चिखलाने भरलेले पाय. माझ्या निवडक छायाचित्रांत हे सगळे होते आणि त्यात तंत्राची चूक काढणे अवघड होते. पण माझ्या जागी दुसरा कोणी उभा असता तरी हीच छायाचित्रे निघाली असती, आणि खरोखरच त्या वळणावर माझ्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या पन्नास-साठ जणांनी ती काढलीही होती.

याची एक जुनी आठवण आहे. रघु राय यांचे चर्चगेट स्थानकातले १९९५ सालचे एक प्रसिद्ध छायाचित्र आहे. शटर जास्त वेळ उघडे ठेवल्यामुळे लोकलकडे धावणारी गर्दी त्यात धुरासारखी विरघळली आहे आणि त्या धुरात उभे राहून वर्तमानपत्र वाचणारी माणसे तेवढी स्पष्ट उरली आहेत. ते पाहिल्यावर मी चर्चगेटला गेलो, कठड्यावर कॅमेरा टेकवला, अर्ध्या सेकंदापर्यंत शटर उघडे ठेवून पाहिले, आणि गर्दी हुबेहूब विरघळली. घरी आल्यावर त्या छायाचित्राकडे मी बराच वेळ पाहत बसलो आणि त्यात मला माझे काहीही सापडले नाही. ज्याने त्या गर्दीत थांबलेला माणूस पहिल्यांदा ओळखला, त्याला तो धूर हवा होता. मला फक्त धूर कसा करतात एवढे कळले होते. नक्कल करून शिकण्यात कमीपणा नाही, प्रत्येक जण तसाच शिकतो. अडचण अशी की नक्कल उत्तम साधली की माणसाला वाटू लागते, आपल्याला दिसू लागले.

अंतःप्रेरणा हा शब्द मला थोडा जड वाटतो, कारण त्यात कुठूनतरी वरून काही उतरल्याचा भास आहे. आपल्या भाषेत याहून नेमका शब्द आहे, चाहूल. पाऊल ऐकू येण्याच्या किंचित आधी कोणीतरी येत असल्याचे आपल्याला कळते, आणि ते कशावरून कळले ते सांगता येत नाही. मात्र चाहूल लागायला ते घर आपल्या वहिवाटीचे असावे लागते. परक्या घरात प्रत्येक आवाजाने दचकायला होते, चाहूल कशाचीच लागत नाही.

विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ साली बुद्धिबळपटूंवर केलेला अभ्यास याच गोष्टीकडे बोट दाखवतो. खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवून झाकला, तर निष्णात खेळाडू नवशिक्याच्या कितीतरी पट सोंगट्या जागच्या जागी मांडून दाखवत असे. त्याच सोंगट्या पटावर वाटेल तशा विखरून ठेवल्या की दोघांची आठवण जवळजवळ सारखीच निघे. याचा अर्थ, निष्णाताची स्मरणशक्ती मुळात मोठी नव्हती. हजारो डाव पाहून सोंगट्यांचे पुंजके त्याच्या ओळखीचे झाले होते आणि त्याला तो पट आकड्यांत न दिसता चेहऱ्यासारखा दिसत होता. सायमन यांचे पुढे हेच म्हणणे राहिले की, अंतःप्रेरणा म्हणजे ओळख पटणे. छायाचित्रणात मला हे अक्षरशः खरे वाटते. चालत्या दिंडीतली एखादी आजी थोड्याच वेळात रस्त्याच्या कडेला थांबणार, हे आज मला पन्नास पावले आधी कळते. मानेला आलेला ताठरपणा, तुळशीवरून सुटून पुन्हा तिला धरणारा हात, रस्त्याच्या कडेकडे सरकलेली चाल, असे काहीतरी मी वाचत असणार. वाचताना मात्र मला ते वाचल्याचे कळत नाही.

म्हणूनच ‘निर्णायक क्षण’ हा शब्दप्रयोग मला काहीसा फसवा वाटत आला आहे. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या १९५२ सालच्या पुस्तकाच्या इंग्रजी नावामुळे तो जगभर झाला. मूळ फ्रेंच नाव वेगळे होते, त्यात घाईघाईने, चोरटेपणाने टिपलेल्या प्रतिमा असा भाव होता. या शब्दप्रयोगामुळे नवशिक्याचे सगळे लक्ष त्या सेकंदाच्या तुकड्यावर खिळते. पण कार्तिए-ब्रेसाँ यांनी ऐन तारुण्यात आंद्रे लोत या चित्रकाराकडे रेषा, प्रमाण आणि भूमिती यांचे कसून शिक्षण घेतले होते. क्षण आला तेव्हा त्यांच्या डोळ्याला चौकट जुळवत बसावे लागले नाही, कारण ती जुळवण्याची मेहनत कॅमेरा गांभीर्याने हातात घेण्यापूर्वीच झाली होती.

अमेरिकन छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स यांची गोष्ट याच्या पुढची आहे आणि ती मला अधिक जवळची वाटते. १० एप्रिल १९२७ रोजी, पंचविसाव्या वर्षी, ते अमेरिकेतल्या योसेमिटीत बर्फातून चढून हाफ डोम या प्रचंड कड्यासमोर पोहोचले तेव्हा त्यांच्याजवळ छायाचित्र उमटवण्याच्या काचेच्या दोनच पट्ट्या शिल्लक होत्या. पहिली त्यांनी नेहमीप्रमाणे पिवळा फिल्टर लावून घेतली, आणि घेतल्याबरोबर त्यांना जाणवले की आकाश जसे डोळ्यांना दिसते तसे यात उतरेल, पण तो कडा पाहून जे वाटते आहे ते उतरणार नाही. शेवटच्या पट्टीसाठी त्यांनी गडद लाल फिल्टर लावला. लाल काच आकाशाचा निळा प्रकाश अडवते, त्यामुळे कृष्णधवल छायाचित्रात आकाश जवळजवळ काळे पडते आणि कडा त्यातून उठून पुढे येतो. आतून आलेला तो कौल भावनेचा होता, पण तो अमलात आणायला कोणत्या रंगाची काच कोणता प्रकाश अडवते याचे ज्ञान हातात तयार असावे लागले. तंत्र शिकल्याने अंतःप्रेरणा मरते असे म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि मला ते मुळीच पटत नाही. अॅडम्स पियानोवादक होण्यासाठी तयारी करत होते. बोटांवर मेहनत घेतल्याशिवाय मनातला सूर बाहेर येत नाही, हे त्यांना कॅमेऱ्याच्या आधीच ठाऊक असणार. माझ्यापुरते सांगायचे तर, पांढऱ्या धोतरांनी चौकट भरली की कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फसतो आणि पांढरे करडे करून टाकतो, म्हणून एक स्टॉप, म्हणजे दुपटीइतका, प्रकाश वाढवायचा, हे आता माझा अंगठा मला न विचारता करतो. अंगठा मोकळा झाला म्हणून डोळा मोकळा झाला.

मराठीत या संदर्भात दोन वाक्प्रचार आहेत, नजर बसणे आणि नजर मरणे. सराफाची नजर सोन्यावर बसते, कुंभाराची मातीवर. आणि तीच गोष्ट रोज पाहून नजर मरतेही. दोन्ही एकाच सरावातून येतात, आणि या कामात मला सर्वांत कठीण वाटत आले आहे ते यांतले कोणते चालू आहे हे ओळखणे. सुरकुतलेला हसरा चेहरा समोर आला की माझा हात आजही आपोआप उठतो. त्या वेगामुळे ती अंतःप्रेरणा वाटते, पण ती सवय आहे. मला सापडलेला फरक एवढाच की, सवयीने काढलेले छायाचित्र काढताक्षणी समाधान देते आणि महिन्याभरात फिके पडते, तर आतून आलेले छायाचित्र आधी बुचकळ्यात टाकते. हे आपण का काढले, यात आहे तरी काय, असे वाटते. माझी बुटांची खोकी अशा बुचकळ्यात टाकणाऱ्या छायाचित्रांनी भरली होती, आणि न कळलेल्या गोष्टीला मी वाईट समजलो होतो.

फरशीवर बसून मी जो प्रश्न विचारत होतो तो हाच होता की, खाली ठेवलेल्या वस्तू का? वस्तू पुष्कळ आहेत आणि सुंदर आहेत. चालणाऱ्या आजीच्या डोक्यावरची तुळस अधिक देखणी दिसते. मग ती जमिनीवर टेकल्यावरच हात का उठावा?

उत्तराचा एक धागा २०१३ सालचा असावा. वाल्ह्याहून लोणंदकडे जाताना नीरेच्या अलीकडे रस्त्याकडेला एक वयस्क बाई तुळस खाली ठेवून बसल्या होत्या. मी विचारून त्यांचे छायाचित्र घेतले आणि निघालो, तेवढ्यात त्या म्हणाल्या, “माउली, जरा हात लावा की.” डोक्यावर ओझे चढवून द्यायला आपल्याकडे हात लावणे म्हणतात. मी कॅमेरा पाठीवर टाकला, वाकलो आणि वृंदावन दोन्ही हातांनी उचलले. ते मला वाटले होते त्याच्या दुप्पट तरी जड निघाले, कारण आत ओली माती होती आणि पहाटेपासून पावसाची रिपरिप चालू होती. चुंबळ नीट बसवून, मान एकदा डावी-उजवीकडे करून त्या चालू लागल्या. चार वर्षे मी तुळशीची छायाचित्रे काढत होतो आणि तुळशीला वजन असते हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते.

फरशीवरच्या छायाचित्रांकडे पाहताना दिसले की त्या वर्षानंतर माझा कॅमेरा खाली आला आहे. आधीच्या गठ्ठ्यांत या वस्तू उभ्या माणसाच्या उंचीवरून, वरून पाहिलेल्या आहेत. २०१३ नंतरच्या छायाचित्रांत कॅमेरा गुडघ्याच्या, काही ठिकाणी घोट्याच्या पातळीवर आहे, त्यामुळे वस्तूखालची दबलेली माती दिसते, ओल्या डांबरावर उमटलेले तिचे प्रतिबिंब दिसते, आणि मागे आकाश असल्याने ती वस्तू जमिनीत रुतल्यासारखी दिसते. मी हे ठरवून केले नव्हते. हाताला वजन कळले आणि पाठ वाकली, एवढेच.

दुसरा धागा घरचा आहे. माझे वडील एसटीत वाहक होते. रात्री ते आले की दाराशी स्टुलावर आधी तिकिटांची पेटी आणि मग पैशांची चामडी पिशवी ठेवत, आणि त्यानंतर काही वेळ कोणाशीही बोलत नसत. अंथरुणात पडल्या पडल्या पेटी टेकल्याच्या आवाजावरून दिवस कसा गेला ते मला कळत असे. हलकेच टेकली तर फेरी वेळेवर झाली, आदळली तर हिशेबात काहीतरी कमी आले आहे. ते बोलू लागण्यापूर्वीची ती दोन-चार मिनिटे, पेटी खाली आणि माणूस अजून कामातून पुरता सुटलेला नाही अशी, मी लहानपणी रोज ऐकली आहेत. याने सगळा उलगडा होतो असे मी म्हणणार नाही, कारण माणसाच्या आत काय कशाशी जोडलेले असते याचा छडा असा सरळ लागत नाही. पण विसाव्याची ती छायाचित्रे आणि दाराजवळचे ते स्टूल मी एकमेकांपासून वेगळी करू शकत नाही. एखाद्याची दृष्टी म्हणतात ती बहुधा अशीच, त्याच्या नकळत फार पूर्वीपासून तयार होत आलेली असते आणि छायाचित्रे साठत गेली की तिची बाह्यरेषा उमटू लागते.

म्हणूनच मला वाटते की छायाचित्रकाराला स्वतःची दृष्टी रस्त्यावर जितकी सापडते, त्याहून अधिक निवडीच्या टेबलावर सापडते. रॉबर्ट फ्रँक यांनी १९५५ साली मिळालेल्या गुगेनहाइम पाठ्यवृत्तीच्या आधारावर अमेरिकाभर फिरून सुमारे २७,००० छायाचित्रे काढली, आणि १९५८ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात त्यांतली फक्त ८३ आहेत. पुस्तकात मोटारी, झेंडे, ज्यूकबॉक्स, एकट्या माणसांचे चेहरे पुन्हा पुन्हा परततात, आणि त्या परतण्यातूनच त्यांचा अमेरिकेविषयीचा विषाद आपल्याला ऐकू येतो. ते परतणे काढताना जितके घडले तितकेच ते त्या हजारो चौकटींसमोर बसून ओळखले गेले असणार. गॅरी विनोग्रँड तर काढलेले रोल मुद्दाम लांबवून, वर्षभराने वगैरे धुवत, कारण काढतानाच्या आनंदाची आठवण ताजी असली की छायाचित्राचा न्याय करता येत नाही. १९८४ साली ते गेले तेव्हा न धुतलेले सुमारे २,५०० रोल मागे राहिले, तो टोकाचा प्रकार झाला. परंतु मूळ विचार मला मोलाचा वाटतो आणि मी तो घेतला आहे. वारीची छायाचित्रे मी आता दिवाळी उलटेपर्यंत पाहत नाही, आणि पाहिल्यावरही कोणतेही पुसून टाकत नाही. कार्डावरची जागा वाचवण्यासाठी विसाव्याला बसून ‘वाईट’ छायाचित्रे पुसणारे तरुण मला दरवर्षी दिसतात आणि जीव हळहळतो. त्यांना नको असलेल्या त्या चौकटींतच कदाचित त्यांचा स्वतःचा माग असतो.

यानंतरचा भाग मला सांगायला हवा, कारण तो कमी सुखाचा आहे. २०२१ सालीही पादुका बसनेच गेल्या आणि २०२२ साली पायी वारी पुन्हा सुरू झाली. आता मला माझा विषय ठाऊक होता. मी आळंदीहून निघालो आणि खाली ठेवलेल्या वस्तू शोधू लागलो. त्या सापडल्याही, पाहिजे तितक्या सापडल्या. मी गुडघ्यावर बसून, आकाश मागे घेऊन, काळजीपूर्वक त्यांच्या चौकटी बांधल्या. त्या दिवाळीनंतर गठ्ठा उघडला तेव्हा सगळी छायाचित्रे नेटकी होती आणि एकाही छायाचित्रात कोणी ओझे उतरवल्यासारखे वाटत नव्हते. वस्तू मांडून ठेवल्यासारख्या दिसत होत्या. जे पूर्वी थकव्यात, बेसावधपणे घडत होते त्याला मी नाव दिले होते, आणि नाव दिल्याबरोबर हाताने माझ्या हुकमाची वाट पाहायला सुरुवात केली होती. एकदा आपली दृष्टी कळली की ती कळल्याचे ओझे होते, याची मला कल्पना नव्हती.

त्यावर मला जो मार्ग सापडला तो चालण्याचा. पूर्वी मी दुचाकीने पुढे जाऊन जागा पकडत असे. २०२३ पासून मी एका दिंडीबरोबर पायी चालतो, त्यांच्याच पंगतीत जेवतो, त्यांच्याच राहुटीत झोपतो आणि माझी वळकटी ट्रकमध्ये न टाकता स्वतःच्या पाठीवर घेतो. कॅमेऱ्याला पस्तीस मिलिमीटरचे एकच भिंग असते, त्यामुळे जवळ जायचे तर पायांनीच जावे लागते. काढलेले छायाचित्र दाखवणारा कॅमेऱ्याच्या पाठीवरचा पडदा मी बंद ठेवतो. दिवसाला छत्तीस चौकटी, जुन्या फिल्मच्या रोलइतक्या, ही मर्यादा मी स्वतःला घालून घेतली आहे. मर्यादा कडक आहे आणि कधी दिवस वीस चौकटींतच संपतो. मुख्य म्हणजे मी विषय शोधत नाही. विसावा झाला की आधी माझी वळकटी खाली ठेवतो, पाणी पितो, शेजारच्याशी बोलतो. खांद्यावरचा पट्टा निघाल्यानंतर जी हलकी गुंगी येते तीत पुन्हा कधीकधी हात उठतो, आणि उठला नाही तर तो दिवस मी वाया गेला असे मानत नाही. कोणाच्या सामानाजवळ बसायचे तर आधी विचारतो. तुळशीची छायाचित्रे घेतलेल्या बायांना निघताना हात लावायला मी थांबतो, कारण आता ते काम मला छायाचित्रापासून वेगळे वाटत नाही.

आषाढातला प्रकाशही या कामाला अनुकूल असतो. दिवसभर ढग असतात, सावल्या जवळजवळ नसतात, आणि त्यामुळे पितळेची झळाळी, ओल्या दोरीचा पीळ, चुंबळीची वीण हे सगळे एकाच मऊपणाने उमटते. उन्हाच्या उघडिपीत मी सहसा कॅमेरा काढत नाही. तीव्र सावली वस्तूला नाट्य देते, आणि खाली ठेवलेल्या ओझ्याला ते मानवत नाही असे माझे मत आहे.

आज माझ्या खोलीच्या भिंतीवर एकतीस छायाचित्रे टाचणीने लावलेली आहेत. दिवे घाट त्यांत नाही, रिंगणही नाही. खोक्यांतली एकोणीस आहेत, बाकीची पायी चालू लागल्यानंतरची. त्यांच्याकडे रोज पाहता पाहता गेल्या वर्षी मला जाणवले की वारीतली एक वस्तू त्यांत कुठेच नाही, आणि ती नसण्याचे कारण सरळ होते. वीणा खाली ठेवत नाहीत. तुळस टेकते, पखवाज टेकतो, पताका झाडाला लागते, पण विणेकऱ्याला बसायचे असले, पाणी प्यायचे असले तरी वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पंधरा वर्षांत माझ्या हाताने वीणा जवळपास टिपलीच नव्हती. खाली न उतरणाऱ्या ओझ्याकडे तो वळत नव्हता.

गेल्या आषाढात वाखरीच्या अलीकडे दुपारचा विसावा होता. मी वळकटीला टेकून बसलो होतो आणि समोर विणेकरी वीणा दुसऱ्याकडे देत होते. आधी दोघे एकमेकांच्या पाया पडले. मग पहिल्याने पट्टा मानेवरून काढला आणि दुसऱ्याने मान पुढे केली, आणि या दोहोंच्या मध्ये फार थोडा वेळ असा होता की वीणा कोणाच्याच गळ्यात नव्हती, चार हातांत होती. कॅमेरा कधी उचलला ते मला आठवत नाही. छायाचित्रात चेहरे नाहीत, कडेला एका उपरण्याचे टोक वाऱ्याने हलून पुसट झाले आहे, वीणेचा भोपळाही पुरता स्पष्ट नाही. स्पष्ट आहेत ती बोटे, आणि त्यांतली दोन सोडत आहेत की धरत आहेत हे सांगता येत नाही. ते मी भिंतीवर इतरांपासून हातभर दूर लावले आहे. त्या एकतिसांत ते बसते की तिथून काही वेगळेच सुरू होते, हे मला अजून ठरवता आलेले नाही. तूर्त ते तिथेच आहे आणि येता-जाता मी त्याच्यासमोर थांबतो.